रुमालाखालचा भाव

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात हापूसचा मोसम भरात आला की, आकडा तोंडातून बाहेर पडतच नाही असा एक व्यवहार गाळ्यागाळ्यांतून चालत आला आहे. आडतदार आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि खाली बोटे बोलू लागतात. किती बोटे धरली, कोणती दाबली, यावर पेटीचा भाव ठरतो. आकडा शेकड्यातला की हजारातला, हे दोघांनाही ठाऊक असते. पटले तर माल उचलायचा, नाही पटले तर हात सोडायचा. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला काही कळत नाही, पेट्या वाहणाऱ्या माथाडीला कळत नाही. आणि आंबा ज्याच्या बागेतला, तो देवगडचा किंवा रत्नागिरीचा बागायतदार तर बहुतेक वेळा तिथे नसतोच. बाजारव्यवस्थेच्या पुस्तकांत या रीतीला ‘हत्ता पद्धत’ म्हणतात. गुरांच्या बाजारात ती महाराष्ट्रभर ओळखीची आहे. हाताच्या खुणांनी बोलण्याला मराठीत करपल्लवी आणि डोळ्यांनी बोलण्याला नेत्रपल्लवी असे देखणे जुने शब्द आहेत. लपवून बोलण्याची आपल्याला इतकी सवय आहे की शाळकरी मुलेसुद्धा ‘च’ची भाषा सहज उचलतात. पण फळबाजारातल्या त्या रुमालाखाली नेमके काय राखले जाते आणि कोणापासून, हा प्रश्न मुलांच्या खेळासारखा सोडून देता येत नाही.

लपवणे ही गोष्ट एकच असली तरी वेगवेगळ्या भाषांनी तिला वेगवेगळ्या बाजूंनी धरले आहे. इंग्रजी ‘सिक्रेट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा अर्थ वेगळे काढणे, निवडून बाजूला ठेवणे. ग्रीक ‘मिस्टेरियन’च्या मुळाशी मिटणे आहे, दीक्षा घेतलेल्याने ओठ मिटायचे. जर्मन ‘गेहाइम’मध्ये ‘हाइम’ म्हणजे घर आहे: जे घरातले, ते बाहेर न्यायचे नाही. तमिळमध्ये ‘मरै’ म्हणजे लपवणे आणि ‘मरै’ म्हणजे वेदही. संस्कृतातल्या रहस्याच्या पोटात ‘रहस्’, म्हणजे एकांत आहे आणि गुह्याच्या पोटात गुहा. फारसीच्या वाटेने आलेल्या ‘खलवत’चे, म्हणजे एकांताचे, आपण खलबत केले आणि रायगडावर खलबतखाना बांधला. आपल्या रोजच्या बोलण्यातले गुपित मात्र या सगळ्यांहून वेगळ्या कुळातले आहे. गुप्त, गोपनीय, गुपित यांच्यामागचा ‘गुप्’ हा धातू राखण्याचा आहे. गोप म्हणजे गाई राखणारा, गोप्ता म्हणजे रक्षण करणारा. राखणे आधी आले आणि राखायचे म्हणून झाकणे मागाहून आले.

शब्दाच्या मुळावरून समाजाचे मन ओळखता येत नाही, असा आक्षेप यावर कोणी घेईल आणि तो बरोबर आहे. ‘गुपित’ म्हणताना कोणाच्याही मनात गुराखी येत नाही. जर्मन माणूस गुपिते पाळताना घराचा विचार करत असेल असेही नाही. व्युत्पत्ती हा पुरावा नसतो. पण ती कधी कधी विचारायचा प्रश्न हाती देते, आणि मला तेवढेच हवे आहे. गुपित म्हणजे राखणे असेल, तर राखणाऱ्याला विचारता येते की माल कोणाचा आहे, धोका कोणापासून आहे आणि राखण किती दिवस चालायची आहे. ‘वेगळे काढलेले’ किंवा ‘मिटलेले’ म्हटले की हे प्रश्न आपणहून उभे राहत नाहीत. राखलेल्या वस्तूला मात्र कोणी तरी धनी असतो.

या प्रश्नांची धार पाहायची तर महानुभाव पंथाच्या लिप्यांकडे पाहावे. म्हाइंभटाचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीचे, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी मराठीत उपदेश केला. त्यांच्यानंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी मराठीचाच आग्रह धरला, तो सामान्य बायाबापड्यांना कळावे म्हणून, असे पंथाची परंपरा सांगते. आणि याच पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कारणे समजण्यासारखी आहेत. पंथ लहान होता, विरोधक बलवान होते, काळ धामधुमीचा होता आणि पवित्र वचने परक्याच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये ही इच्छा खरी होती. दुबळ्याने बलवानापासून आपली वस्तू राखली, यात दोष काढायला मी धजणार नाही. ती राखण यशस्वीही झाली, पोथ्या टिकल्या. पण कुलूप धोक्याच्या मानाने फार जास्त वर्षे लागलेले राहिले. पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके आपल्या भाषेचे आद्य गद्य वाचता आले नाही. पंथाच्या ग्रंथांत काय लिहिले आहे हे माहीत नसल्यामुळे त्याच्याविषयी नाही नाही ते समज पसरले, आणि त्याचे चटके पंथीयांनाच बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी हे साहित्य वाचकांपुढे आणण्यासाठी कष्ट घेतले, पंथातल्या महंतांनीही पुढे दारे उघडली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ज्या गुपिताला उघडण्याची तारीख नसते, ते ज्याला राखायचे त्यालाच शेवटी जाचू लागते, हे मला या उदाहरणातून दिसते.

आता पुन्हा वाशीत येऊ. हा बाजार मुळात मुंबईच्या पोटातला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये खाडी ओलांडून वाशीला आला, तर भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळे १९९६ मध्ये. नव्या शहराला साजेशी मोकळी आवारे, रुंद रस्ते, ट्रक उभे करायला जागा, सगळे नव्याने आखले गेले. बाजारसमिती या संस्थेचा जन्मच उघडेपणासाठी झाला होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंजाला, आजच्या वाशिम जिल्ह्यात, कापसासाठी सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. शेतीच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली. खोटी मापे, मनमानी कपात आणि झाकून ठरवलेला भाव, ही शेतकऱ्याची त्या काळापासूनची दुखणी. महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आणि त्याखालचे नियम याच परंपरेतले आहेत: माल उघड लिलावाने किंवा उघड कराराने विकावा, भाव गुप्त खुणांनी ठरवू नये. म्हणजे जी रीत मोडण्यासाठी आवार बांधले, तीच रीत आवारात येऊन बसली.

व्यापाऱ्यांची बाजू ऐकून न घेता यावर बोलणे अन्यायाचे होईल, कारण ती पोकळ नाही. हापूस हा नाशवंत माल, पहाटे येतो आणि काही तासांत उठावा लागतो. प्रत्येक पेटीसाठी आरडाओरड करून लिलाव पुकारला तर दुपार होईल. शिवाय सगळे खरेदीदार सारखे नसतात. एकाने नेहमीचा म्हणून, रोख देतो म्हणून चार पैसे कमी दिले आणि ते चारचौघांत कळले, तर उरलेले सगळे तोच भाव मागतील. भाव झाकला म्हणून भांडण टळते आणि व्यापारातले संबंध टिकतात. यापेक्षाही वजनदार युक्तिवाद असा की झाकल्यामुळे शेतकऱ्याचाच फायदा होतो: दुसऱ्याने काय दिले हे ठाऊक नसलेला खरेदीदार माल हातचा जाईल या भीतीने थोडा जास्तच आकडा दाबतो. उघड लिलावात खरेदीदार आपसात संगनमत करून भाव पाडू शकतात, ते रुमालाखाली अवघड जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण उगीच म्हणत नाही.

यातला शेवटचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण अर्धा तो खरा आहे. प्रतिस्पर्ध्यांपासून आकडा लपवण्याने स्पर्धा वाढू शकते. सरकारी कामाच्या निविदा सीलबंद मागवतात त्या याचसाठी. पण सीलबंद लिफाफ्याला उघडण्याचा दिवस आणि वेळ ठरलेली असते, तो सर्वांसमक्ष उघडला जातो आणि कोणी किती आकडा भरला याची नोंद राहते. रुमाल उघडला की आत काहीच नसते. ठरलेला भाव दोन माणसांच्या स्मरणात आणि मग आडतदाराच्या वहीत जातो. बागायतदाराला कळते ते नंतर येणाऱ्या हिशेबपट्टीतून. पट्टीवरचा आकडा आणि बोटांनी दाबलेला आकडा एकच होता, हे ताडून पाहण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नाही. दुसऱ्या कोणाच्या, त्याच प्रतीच्या पेटीला त्या पहाटे किती मिळाले, हेही त्याला ऐकीव बातमीवरूनच कळणार. सगळेच आडतदार पट्टीत फेरफार करतात असे मी मुळीच म्हणत नाही. कोकणातल्या कित्येक घरांचे आणि वाशीच्या गाळ्यांचे संबंध पिढ्यांचे आहेत, मोसमाआधी उचल देऊन बाग उभी ठेवणारेही तेच आहेत. माझे म्हणणे त्यांच्याही बाजूचे आहे: या पद्धतीत प्रामाणिक आडतदाराला आपला प्रामाणिकपणा दाखवून देता येत नाही. त्याच्या आणि लबाडाच्या पट्टीत वरून काहीच फरक दिसत नाही. राखण करताना धन्यालाच कुंपणाबाहेर ठेवायचे, ही या गुपितातली चूक आहे. सव्वा लाखाची मूठ झाकायची तर ती ज्याची आहे त्याने झाकावी.

गुप्ततेविरुद्ध सरसकट बोलण्याचा माझा हेतू नाही, उलट काही ठिकाणी ती आणखी घट्ट हवी असे मला वाटते. बाजारसमितीचे संचालक निवडताना मतदार जे मत देतो ते गुप्त असते, आणि तसेच असले पाहिजे. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याविरुद्ध मत देण्याचे धैर्य त्या पडद्यामुळेच येते. ‘खासगी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पेशवाईत आणि होळकरशाहीत खासगी म्हणजे सत्ताधाऱ्याच्या घरची स्वतंत्र मिळकत आणि तिचा स्वतंत्र हिशेब. रयतेला खासगी असे काही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा राजवाड्यातली वस्तू चाळीतल्या खोलीपर्यंत आली. त्याच्या उलट दिशेने माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्राने तो केंद्राच्या आधीच केला, आणि केंद्राचा २००५ चा कायदा तर १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमावर वरचढ ठरवला गेला. त्या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद फारशी चर्चेत नसते: काही मोजके अपवाद सोडले तर २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारता येत नाही. गुपिताला वय दिले आहे. सत्तेचा दाब असलेल्या बाजूचे गुपित वेळेत उघडावे आणि दाबाखाली असलेल्याचे राखावे, असा हा एकूण रोख आहे, आणि फळबाजारातला रुमाल नेमका त्याच्या उलट बाजूला पडतो.

२०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला राज्य सरकारने नियमनातून मोकळा केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी ई-नाम हा ऑनलाइन राष्ट्रीय बाजारही सुरू झाला. बागायतदार आता पेट्या थेट ग्राहकाला विकू शकतो आणि पुष्कळजण विकतातही, त्यामुळे वाशीच्या रीतीची काळजी आता कशाला, असे विचारले जाते. पण लहान बागेच्या मालकाला घरोघर पेट्या पोचवण्याची यंत्रणा परवडत नाही. त्याचा माल आजही ट्रकने रात्रभर प्रवास करून वाशीलाच उतरतो. आणि थेट विकणारासुद्धा भाव सांगताना वाशीचाच भाव समोर ठेवतो. बाजारसमित्या रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर जाहीर करतात, वर्तमानपत्रे ते छापतात, बँका आणि सरकारी कचेऱ्या त्यावर हिशेब मांडतात. ज्या व्यवहारांवरून हे तीन आकडे काढायचे, तेच झाकलेले असतील, तर सर्वसाधारण दर म्हणजे सांगितला गेलेला दर एवढाच त्याचा अर्थ उरतो. गाळ्यावर सौदा पटताच पेटीची प्रत, संख्या आणि भाव यंत्रात नोंदवावा आणि तोच आकडा त्याच क्षणी बागायतदाराच्या मोबाइलवर जावा, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. खरेदीदाराचे नाव हवे तर झाकावे. त्याला आपल्या प्रतिस्पर्ध्यापासून राखण्यासारखे काही खरोखरच असते. पुढच्या मोसमाची पहिली पेटी मुहूर्ताला येण्याआधी समितीने एवढे केले, तर सौदा रुमालाखाली होतो की वर, याची फिकीर देवगडच्या बागायतदाराला फारशी उरणार नाही.