गिऱ्हाइकाचा विश्वास आणि ऑनलाइन बाजार

दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक होतोच असे नाही, हे सत्य बाजारपेठेइतकेच जुने आहे. तुळशीबागेत हिंडणाऱ्या शंभरांपैकी खरेदी करून परतणारे किती, हे कोणी मोजत बसत नाही. ऑनलाइन बाजारात मात्र हा हिशेब क्षणोक्षणी मांडला जातो. कोण आला, कोणत्या वस्तूपाशी रेंगाळला आणि टोपली भरूनही पैसे न देता कोठून परत फिरला, याची नोंद होत असते. डेन्मार्कमधील बेमार्ड या संशोधन संस्थेने अनेक पाहण्यांवरून काढलेल्या सरासरीनुसार, भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे ७० टक्के टोपल्या तशाच सोडून दिल्या जातात. साहजिकच, आलेल्याला ग्राहक कसे करावे हा आजच्या व्यापारातील कळीचा प्रश्न झाला आहे. तथापि तो केवळ विक्रेत्याच्या गल्ल्याचा प्रश्न आहे असे मानणे अदूरदृष्टीचे ठरेल.

मुळात माणूस परत का फिरतो? नुसते पाहायला आलेले वगळले, तर याच संस्थेच्या पाहणीत पहिले कारण आढळते ते शेवटच्या टप्प्यावर वाढणाऱ्या खर्चाचे. वस्तूची किंमत एक दाखवायची आणि पैसे भरताना तीत पाठवणावळ, कर, हाताळणी शुल्क मिळवायचे, हा प्रकार ग्राहकाला सावध करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण दुकानदारीला लागू पडत नाही. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात आरिस्तीद बुसिको यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी रूढ केल्या: प्रत्येक वस्तूवर लिहिलेली ठाम किंमत आणि न पटल्यास माल परत करण्याची मुभा. आधुनिक किरकोळ व्यापार ज्या पायावर उभा राहिला, तो हा आहे.

अविश्वासाचे अर्थशास्त्र

यामागील तत्त्व अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. मालाचा कस विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सर्वच मालाला कमी किंमत देऊ करतो. परिणामी चांगला माल विकणाऱ्याला बाजारात राहणे परवडत नाही आणि वाईट माल मागे उरतो. ऑनलाइन दुकानात तर माल हाताळताही येत नाही. तेथे ही विषमता अधिकच तीव्र होते.

भारतीय ग्राहकाने यावर आपला तोडगा पूर्वीच शोधला होता. टपाल खात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली, आणि पोस्टमनच्या हाती पैसे ठेवून पुस्तकांचे पुडके सोडवून घेणारी मराठी घरे अनेक पिढ्यांनी पाहिली. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केली, तेव्हा तिने हाच जुना धागा पुढे नेला. २०१६ मध्ये यूपीआय आले, मोबाइलवरून पैसे देणे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. तरीही ही पद्धत मावळली नाही. अडचण पैसे देण्याच्या साधनाची नव्हती, भरवशाची होती, असाच याचा अर्थ होतो.

आडमार्गाचा मोह

हा भरवसा कमावण्याचा मार्ग लांबचा आहे. म्हणूनच आडमार्गाचा मोह होतो. 'फक्त दोन नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणे, न मागितलेला विमा वा देणगी हळूच टोपलीत टाकणे, वर्गणी घेणे सोपे आणि बंद करणे दुष्कर ठेवणे, नकार देणाऱ्याला शरमिंदे करणारी वाक्ये लिहिणे अशा तेरा फसव्या रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' म्हणून निषिद्ध ठरवल्या. अशा युक्त्यांनी आजचा विक्रीचा आकडा फुगतो, यात शंका नाही. परंतु त्या ग्राहक घडवीत नाहीत. त्याच्या असावधपणाचे पैसे करतात.

आणि या व्यवहाराची किंमत कोण मोजतो? विश्वास हे बाजाराचे गायरान आहे. ते चरून फस्त करणारा एक असतो, उपाशी राहणारा दुसरा. मोठ्या कंपनीकडे नाव असते, जाहिरातीला पैसा असतो. आपल्या बागेतला हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवू पाहणाऱ्या देवगडच्या बागायतदाराकडे यातले काहीच नसते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावाने विकला जात असल्याची तक्रार दर हंगामात होतेच. एकदा फसलेला ग्राहक दुसऱ्या वेळी प्रामाणिक बागायतदाराकडेही संशयानेच पाहतो. आगाऊ पैसे देत नाही, आणि दारात आलेली पेटी नाकारली तर जाण्यायेण्याचे भाडे व नासलेला आंबा दोन्हींचा भुर्दंड बागायतदाराच्या माथी बसतो.

कायदा आहे, धाक नाही

नियमांची वाण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सर्व आकारांसह एकूण किंमत दाखवणे, आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती गृहीत न धरणे आणि तक्रारीची ४८ तासांत पोच देणे बंधनकारक केले आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासावी, असाच हा प्रकार झाला. याउलट अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सभासदत्वात ग्राहकांना गुंतवल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनने दोष मान्य न करता २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतील १५० कोटी ग्राहकांना परत करावयाचे ठरले. आपल्या २०१९ च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख आणि पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बड्या कंपनीच्या लेखी ही रक्कम म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च होय.

तेव्हा तपासणी स्वतंत्र यंत्रणेने करावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा, हा आग्रह ग्राहक संघटनांनी धरला पाहिजे. लहान उत्पादकांच्या सहकारी संघांनीही सामाईक हमी, सामाईक तपासणी आणि खराब माल बदलून देण्याची सामाईक व्यवस्था उभी करावी. एकट्याला न पेलणारी पत संघाला पेलते, हा धडा महाराष्ट्राने सहकारातून कधीच गिरवला आहे. पाहायला आलेल्याने एकदा खरेदी करावी, यासाठी क्लृप्ती पुरते. त्याने पुन्हा यावे, यासाठी सचोटीच लागते. आणि कोणताही बाजार अखेर पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावरच चालतो.