दुसऱ्या रकान्यातलं पाणी

पिण्याचं पाणी कसं असावं, हे आपल्याकडे 'आयएस १०५००' हे मानक ठरवतं. त्याची २०१२ ची आवृत्ती उघडून बघा. बऱ्याच घटकांपुढे दोन रकाने दिसतील. पहिला स्वीकार्य मर्यादेचा. दुसरा, 'पर्यायी स्रोत नसेल तर' चालवून घ्यायचा. मँगनीजसाठी पहिल्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ०.३. म्हणजे ज्याला पर्याय नाही, त्याच्या शरीराने तिप्पट सोसायचं.

मी सॉफ्टवेअरवाला. टेस्ट फेल होते म्हणून पासची रेषाच सरकवली, तर आमच्याकडे त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

मी पवनीचा. आमच्या भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. ते खनिज पोलादाला लागतं, टॉर्चच्या सेललाही. खाणीशेजारच्या गावाला जमिनीखालच्या पाण्याशिवाय दुसरं काही मिळालं नाही, की त्याच्यासाठी दुसरा रकाना तयारच असतो. मँगनीज पाणी उकळून जात नाही. बाटलीतून दूध पिणाऱ्या बाळांना धोका जास्त, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ०.०८ ही तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. आपला दुसरा रकाना त्याच्या जवळपास चौपट.

खाणी तिकडे आहेत म्हणून पवनीने निवांत राहू नये. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. धरणाच्या खाली आम्ही. नागपूरला पेंच आहे. आम्हाला वैनगंगाच.

यावर उत्तर मिळतं: कडक मर्यादा लावली तर विहिरी, बोअर बंद कराव्या लागतील, मग लोक पितील काय? प्रश्न खरा आहे. पण मग 'पर्याय नाही' या सबबीला मुदत हवी. २०१५ पासून खाणवाल्यांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीच तो आहे आणि पिण्याचं पाणी त्यातल्या अग्रक्रमाच्या कामांत आहे. पर्याय उभा करायला पैसा आहे, तर पर्याय नाही असं किती वर्षं म्हणणार?

माझी मागणी साधी आहे. जिथे दुसरा रकाना लावला, तिथे टाकीवर ठळक रंगवा: कोणता घटक, किती, कधीपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख उलटली की पहिलाच रकाना लागू.

तोवर तुमच्या पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपलं पाणी कोणत्या रकान्यातलं?