अडखळणें

पाय दगडास लागला म्हणजे मनुष्य अडखळतो. शब्द जिभेवर येऊन बाहेर पडेना म्हणजेही अडखळतो. पावलास व जिभेस मराठीनें हें एकच क्रियापद दिलें आहे, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. अडखळतो तो चालत असतो; बसलेल्यास अडखळतांना कोणीं पाहिलें आहे?

याच्या जवळचे शब्द पुष्कळ आहेत, पण ते एका मापाचे नव्हेत. चाचरणें हें बहुधा भीड किंवा शंका यांमुळें होतें. चोरी पकडली गेली म्हणजे मनुष्य ततपप करितो. भयानें बोबडी वळते. तान्ह्याचे बोबडे बोल तर घरास गोडच लागतात! मग 'तोतरा' हा शब्द येतो, आणि आमची तक्रार त्याच्याविषयीं आहे. बाकीचे शब्द त्या वेळेपुरते. हा मात्र माणसास नांवासारखा चिकटतो.

एके वर्षीं वाचनाच्या तासास एका मुलासंबंधीं तो आमच्याच तोंडून निघाला. वर्ग हंसला. त्या वर्षीं त्या मुलानें पुन्हा आपण होऊन हात वर केला नाहीं. सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं सर्वांबरोबर गातांना मात्र त्याचा स्वर कोठेंच अडत नसे. बोलतांना अडखळणाऱ्या बहुतेकांचें असेंच असतें, हें आम्हीं मागाहून वाचलें. त्यांत बुद्धीचा कांहीं दोष नसतो, आणि अगदीं लहानपणीं अडखळणारीं बहुतेक मुलें पुढें नीट बोलूं लागतात, हेंही तेव्हांच कळलें. मराठी पवित्र शास्त्रांत 'अडखळण' हा शब्द दुसऱ्याच्या वाटेंत ठेविलेल्या वस्तूसाठीं येतो. आमचा तो एक शब्द तशीच वस्तु होती.

वडील मंडळी प्रेमानें म्हणतात, "अरे, सावकाश बोल," किंवा राहिलेला शब्द स्वतःच पुरा करितात. हेतु चांगला, पण मुलास इतकेंच समजतें कीं, ऐकणाराचा धीर सुटला. त्यापेक्षां त्याच्या तोंडाकडे पाहून स्वस्थ थांबावें, हें आमचें मत आहे.

'तोतरा' कोशांत खुशाल असो. आमच्या वर्गांत तो उच्चारावयाचा नाहीं आणि वाचणाऱ्याचा शब्द दुसऱ्यानें पुरा करावयाचा नाहीं, असा नियम आम्हीं केला आहे. त्यामुळें तास कधीं कधीं घंटेपलीकडे जातो, आणि दाराशीं उभ्या असलेल्या पुढील शिक्षकांची आम्हांस क्षमा मागावी लागते.