मापात पाप नको



संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तामलवाडीहून खिलार खोंड तिकडे न्यायचं ठरलं, की खपाटीला गेलेलं पोट भरीव दिसावं म्हणून आदल्या रात्री ज्वारीचा भरडा चारून, मीठ देऊन पाणी पाजायचा मोह होतो. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर रवंथ सोडतं, दगावतंसुद्धा.

पोट भरतं ते वैरणीनं. कडब्याची कुट्टी, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट दोन आठवडे आधीपासून थोडं थोडं वाढवा. सरकी पेंड बेतानं द्या.

व्यापाऱ्याच्या काट्यातली खोट आपण चव्हाट्यावर मांडतो. मग रातोरात फुगवलेलं पोट विकणं ही खोटच नव्हे काय? घेणाराही शेतकरीच आहे!