खेळाआधीची बेणेप्रक्रिया



ऊसविकासाच्या पानावर कबड्डी-खोखोचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्यांच्या बांधावर आम्ही वर्षभर हिंडतो, त्यांचीच लेकरे संध्याकाळी शाळेच्या मैदानावर असतात. गेल्या हंगामात एका सभासदाची नववीतली मुलगी खोखो खेळताना झटक्यात वळली आणि गुडघा धरून खाली बसली. कोणी धक्का दिला नव्हता. गुडघ्यातले लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रिया केली तरी अशा खेळाडूला मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. घरच्यांनी खेळच बंद करून टाकला.

अशा दुखापतीला आपण नशीब म्हणतो. तसे ते नाही. धावता धावता थांबताना, वळताना किंवा उडी मारून पाय टेकताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि तिथे घात होतो. वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त. जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, यासाठी वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम तयार करून घेतला. आधी हलके धावणे, मग मांड्या, पोट-पाठ, तोल आणि उड्या यांचे व्यायाम, शेवटी थोडे वेगात धावणे व वळणे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर तो पारखला गेला आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्यावर आल्या. खर्च काहीच नाही. आणि ज्या संघांनी तो नियमित केला त्यांनाच फायदा अधिक झाला, हेही पुढे दिसून आले.

मग आपल्याकडे तो का होत नाही? आम्ही एका शिक्षकांना सहज विचारले. ते म्हणाले, "साहेब, शाळा सुटल्यावर पोट्टे येतात, अन् दिवस बुडून जाते. त्याईले उड्या मारायले लावू का कबड्डी शिकवू, सांगा बरं?" दुसरे हसून म्हणाले, "अकोल्याच्या उन्हात आंग तर आधीच तापलेलं रायते, आणखी काय तापवायचं?"

पहिल्यांचे म्हणणे खरे आहे. एक शिक्षक, चाळीस मुले, हाताशी तासभर. दुसऱ्यांचा मात्र घोळ होतो आहे. हा क्रम नुसते अंग तापवण्यासाठी नाही. पाय कसा टेकावा, गुडघा पंजाच्या रेषेत कसा ठेवावा, हे शरीराला शिकवण्यासाठी आहे. मैदानाला दोन चकरा आणि हातपाय झटकणे, एवढ्याने ते होत नाही.

बेणेप्रक्रियेचे असेच आहे. बेणे औषधाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवा, हे सांगून आमचा घसा बसतो. शेतकऱ्याला पटत नाही असे नाही, पण न आलेली काणी डोळ्यांना दिसत नाही. तशी न झालेली दुखापतही दिसत नाही. शिक्षकाचे कौतुक होते ते चषकासाठी. वर्षभरात एकही गुडघा गेला नाही म्हणून कोणी त्याला नारळ-शाल देत नाही. ती द्यायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परिपत्रके काढून हे होणार नाही. परिपत्रकांच्या पुड्या होतात, हे आम्ही जाणतो. बांधावर उभे राहून एकदा करून दाखवले की शेजारचा शेतकरी आपोआप विचारायला येतो. तसेच शिक्षकांना मैदानात उतरवून हे व्यायाम त्यांच्याकडून करून घ्यावे लागतील. शिकवणारे दूर शोधायला नकोत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच काम करीत आले आहे. १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. तिथे शिकलेले शिक्षक आपल्या कितीतरी गावांत आहेत. फुटबॉलसाठी बनलेला क्रम पकडीच्या आणि खांबाच्या खेळाला कसा बसवावा, हे त्यांनीच सांगावे. आठवड्यातून निदान दोनदा, आणि पुढे उभे राहून करून घेणारा संघाचा कर्णधार. म्हणजे शिक्षकाचा वेळही वाचतो, आणि मुले एकमेकांचे पाहून नीट करतात.

खरी फजिती गावच्या स्पर्धांत होते. आठचा सामना अकराला लागतो. पोरे थंडीत चादर पांघरून बसलेली, आणि भोंग्यावर नाव पुकारले की थेट चढाईला! बक्षिसाची रक्कम देणाऱ्यांनी इथे अट घालावी. कारखान्याकडे बक्षिसासाठी अर्ज येतात. त्यावर एवढेच लिहून मागावे की प्रत्येक संघाला सामन्यापूर्वी वीस मिनिटे आधी सूचना मिळेल आणि मांडवामागे तयारीपुरती मोकळी, सपाट जागा राहील. काळ्या मातीच्या भेगा बुजवून घेणेही त्यातच आले. संचालक मंडळाने येत्या बैठकीत याचा विचार करावा. ज्या सभासदांची मुले खेळतात, त्यांनी एखाद्या संध्याकाळी मैदानावर चक्कर टाकून पहिली वीस मिनिटे काय चालते, ते स्वतः पाहावे.