नोहाचे तीन पुत्र



"जगात एवढी माणसे आली कुठून?" असे घरातले मूल विचारते, तेव्हा आपण क्षणभर गप्प होतो. हाच प्रश्न प्राचीन इस्राएली लोकांनाही पडला होता. त्यांचे उत्तर बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचे तीन पुत्र शेम, हाम आणि याफेथ. त्यांच्या मुलानातवंडांपासून सर्व राष्ट्रे झाली, असे तो अध्याय सांगतो.

ही नावे जरा नीट पाहा. हामचा एक पुत्र मिस्राईम. हिब्रू भाषेत मिस्राईम म्हणजे इजिप्त देश! हामचाच पुत्र कनान, आणि कनानचा थोरला मुलगा सीदोन. हे तर लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे शहर. याफेथचा पुत्र यावान म्हणजे ग्रीक. सम्राट अशोकाच्या शिलालेखात 'योन' म्हणून येतात ते हेच लोक. म्हणजे ज्यांना पूर्वज म्हटले, ते वास्तविक शेजारचे देश आणि नगरे होती.

कनानी भाषा ही हिब्रूची जणू सख्खी बहीण. तरीही कनानला इस्राएलच्या पूर्वजाच्या, शेमच्या, घरात जागा नाही. कारण कनानवर दीर्घकाळ इजिप्तची सत्ता होती आणि इस्राएलचे त्याच्याशी वैर होते, असे अनेक अभ्यासक मानतात. ही वंशावळ रक्ताचे नाते सांगत नाही. शेजार आणि वैर सांगते.

पण पुढे तिचे हत्यार झाले. नवव्या अध्यायात नोहा कनानला 'भावांचा दास होशील' असा शाप देतो. त्यात कातडीच्या रंगाबद्दल एक शब्दही नाही. तरी अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी तो काळ्या माणसाच्या माथी मारला. १८६१ साली दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी जाहीर भाषणात गुलामगिरीच्या समर्थनासाठी त्याचा आधार घेतला.

आफ्रिकेत युरोपियनांना सुसंघटित राज्ये दिसली, तेव्हा हाच हाम एकदम श्रेष्ठ ठरला! रुवांडातील तुत्सी हे उत्तरेकडून आलेले 'हामवंशी' राज्यकर्ते आणि हुतू हे हलके, अशी मांडणी झाली. १९३० च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रांवर जमात लिहिली. १९९४ मध्ये 'तुत्सी परके आहेत' या प्रचारातून सुमारे शंभर दिवसांत जवळपास आठ लाख माणसे मारली गेली. त्या संहाराला इतरही कारणे होती. पण परकेपणाची ही जुनी कथा त्याच्या मुळाशी होती.

आणि कनानी? त्यांचा समूळ नाश करावा, अशी आज्ञा बायबलात आहे. २०१७ साली सीदोन येथील सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या पाच जणांच्या अस्थींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. आजच्या लेबनॉनी लोकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वारसा त्या कनानी लोकांकडून आला आहे, असे तीत आढळले. ज्यांना शाप दिला, त्यांची लेकरे आजही तिथेच नांदत आहेत!

म्हणून कोणी वंशावळ दाखवली, तर मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. ती लिहिली कोणी? केव्हा लिहिली? आणि तीत दास कोणाला ठरवले?