‘मनमिळाऊ होता’ एवढ्यावर भागवू नका

सातारा-सांगलीच्या स्थानिक बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं. मृत तरुण मनमिळाऊ स्वभावाचा होता, त्याच्या अपघाती निधनाने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. खंबाटकी घाट, उंब्रज, पेठ नाका, कवठेमहांकाळ. जागा बदलते, वाक्य तेच राहतं. चौकात फ्लेक्स लागतो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार जण माईक धरून तेच वाक्य पुन्हा म्हणतात. मग गाडीमालकाचा माणूस पाकीट देऊन जातो आणि विषय संपतो.

मी इथे कुणा एकाचं नाव लिहीत नाही. हा पोरगा तुमच्याही वस्तीत होता. माणमध्ये, खटावमध्ये, जतमध्ये, आटपाडीत. जिथे पाऊस नाही आणि आमच्या माणसाच्या नावावर जमीनही नाही. बारावीनंतर दोन वर्षं क्लीनर, वीस पूर्ण झाल्यावर परवाना, मग स्टिअरिंग. तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद, लोणंदचा कांदा. ढाबेवाला त्याला नावाने हाक मारायचा, पंक्चरवाला उधारी ठेवायचा. रात्री एसटी चुकलेली कॉलेजची पोरं दिसली की हा गाडी थांबवायचा. चौदा एप्रिलला गावी पोचता आलं नाही तर वर्गणी मात्र वाटेतूनच पाठवायचा. खरंच मनमिळाऊ होता, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. मनमिळाऊ असणं ही त्याची आवड होती की गरज? हमाल वेळेवर माल भरत नाही तोवर गाडी हलत नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नंबर लावणाऱ्याशी गोड बोलल्याशिवाय परतीचं भाडं मिळत नाही. आणि अनोळखी गावात पहिला प्रश्न येतो, ‘पाव्हणं, आडनाव काय?’ या प्रश्नाला रोज हसून तोंड देणाऱ्याला लोक मनमिळाऊ म्हणतात. कपाळावर आठी आणायची चैन त्याला परवडणारी नव्हती.

या रस्त्यांवर आमच्या माणसाला हा प्रश्न आजचा नाही. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुलं मसूर स्टेशनवर उतरली. त्यांतला एक भीमराव. वडील गोरेगावला कॅशियर होते, त्यांना भेटायला निघालेली ही मुलं. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी, की गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर प्यायला पाणी मिळालं नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये लिहून ठेवलंय. त्याच लिखाणात १९२९ चं चाळीसगावही आहे. तिथे टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला, म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि मोरीवर बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले.

म्हणजे गाडी कोण हाकणार आणि तिच्यात कोण बसणार, हा जातीचाच प्रश्न होता. आज आमचा पोरगा सोळा टनांची गाडी हाकतो आणि लोक म्हणतात, जात कुठे राहिली? मी विचारतो, गाडी कुणाची? परमिट कुणाचं? आणि पोरगा मेला तर कागद कुणाकडे?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. मोटार वाहतूक कामगारांना आठ तासांचा दिवस कायद्याने मिळाला तो १९६१ साली, आणि तोही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एका गाडीचा मालक जिकडेतिकडे, स्वतःच फायनान्सच्या हप्त्याखाली वाकलेला. त्याचा ड्रायव्हर या कायद्याच्या बाहेरच पडला. पुढे २०२० च्या संहितेने तो कायदाच पोटात घेतला. द्राक्षं सकाळी मार्केटला पोचली पाहिजेत. ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे विचारणारं रस्त्यात कुणी नाही.

पण शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा सरकारला ड्रायव्हर बरोबर दिसला. अपघातानंतर न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, ही न्याय संहितेतली तरतूद. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा कुठे ते पोटकलम बाजूला राहिलं. १ जुलैला बाकी संहिता लागू झाली, १०६ चं दुसरं पोटकलम नाही. जमाव मारेल म्हणून पळणाऱ्याचा विचार कलम लिहिताना कुणी केला नव्हता.

आता पाकिटाकडे येऊ. कामावर असताना कामगार गेला तर भरपाई द्यायचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. नव्या संहितेतही त्याचा गाभा तोच राहिला. यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. ‘ड्रायव्हरचीच डुलकी लागली’ म्हणून घरच्यांना गप्प बसवतात, ते खोटं आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात तो मुद्दा आडवा येईल, इथे येत नाही. पगाराच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पंचविशीतल्यासाठी तो आकडा २१६.९१. हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये. म्हणजे रक्कम सोळा लाखांच्या वर जाते. मालकाने पगार ८,००० दाखवला तर साडेआठ लाखांच्या थोडी पुढे. निम्मी रक्कम नुसत्या कागदाअभावी गेली! बाकी सगळं भत्त्यावर चालायचं आणि भत्त्याची पावती नसते.

बहुतेक वेळा हे पैसे मालकाच्या खिशातून जायचे नसतात, गाडीच्या विम्यातून येतात. तरी मालक ‘मिटवून घ्या’ म्हणतो, कारण पोरगा आपल्याकडे कामाला होता हे त्याला लिहून द्यावं लागतं. मग वस्तीतलेच दोन पुढारी मध्ये बसतात, स्टँपपेपरवर विधवेचा अंगठा घेतात. त्या स्टँपपेपरला किंमत नाही. मृत्यूची भरपाई संबंधित अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा करारही कायदा मानत नाही. फ्लेक्सवर हात जोडून उभे राहणारे हे पुढारी एवढं वाचत नसतील तर त्यांनी मध्ये बसू नये.

म्हणून यापुढे पुण्यानुमोदनाला जाल तेव्हा बोला त्याच्याबद्दल, हसवणारे किस्सेही सांगा. पण घरातल्या बाईजवळ बसून विचारा: परवाना कुठे आहे, गाडीचा नंबर काय, पगार बँकेत यायचा की हातात, फोनमध्ये मालकाचे मेसेज आहेत का? फोन रीसेट करू नका, ते मेसेजच नोकरीचा पुरावा ठरतात. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. दावा कामगार भरपाईचा करायचा की न्यायाधिकरणात, हे वकिलाला विचारूनच ठरवा; दोन्हीकडे एकदम मागता येत नाही. भरपाईच्या दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पहिलं वर्ष बहुधा वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सची वर्गणी गोळा करण्यातच जातं.